तिसरी विनवणी

कुणाचे लग्न ठरल्याची वार्ता कानी आली की सामान्य माणसे मुहूर्त विचारतात, स्थळ विचारतात, फार तर मुलगा काय करतो ते विचारतात. इंदूताई एकच प्रश्न विचारीत, "रुसायला कोण बसवलं?"

हा प्रश्न थट्टेचा नसे. रुसवा हा विवाहाचा अंगभूत भाग असून तो आधीच एखाद्या समंजस माणसाकडे नेमून दिला, तर उरलेल्यांना निर्वेधपणे आनंद करता येतो, असे त्यांचे ठाम मत होते. "लग्नात कोणी रुसलं नाही तर ते लग्न कसलं जी? ऑफिसातली मीटिंग झाली ती!" असे त्या म्हणत आणि पुढे सोडवणुकीचा विधीही सांगत. रुसलेल्याला तीनदा विनवायचे. पहिल्यांदा ज्याचे लग्न त्याने, दुसऱ्यांदा वडीलधाऱ्याने आणि तिसऱ्यांदा पुन्हा ज्याचे त्यानेच, पण हातात गोडाचा पदार्थ घेऊन. "पहिले दोन 'नाही' मोजायचेच नसतात," हे त्यांचे सूत्र. सूत्रकारांच्या तोडीचा आटोपशीरपणा त्यात होता, हे मी आदरपूर्वक नमूद करतो.

हयातभर सांगलीकडच्या पाठशाळेत व्याकरण शिकवून मी उतारवयात मुलाकडे अमेरिकेतल्या बॉथेल गावी येऊन राहिलो होतो. ही गोष्ट २००५ सालची. समोरच्या दारी इंदूताई आपला मुलगा मिलिंद आणि सून यांच्यासह राहत. मूळच्या नागपूरच्या. मिलिंद शाळेत असतानाच यजमान गेले. शिवणयंत्रावर बसून त्यांनी मुलाला इंजिनिअर केले. मला त्या 'शास्त्रीबुवा' म्हणत आणि माझ्या सकाळच्या संध्येची पळी ताम्हनात वाजली की पलीकडून विचारीत, "झालं का जी? चहा टाकू?"

त्या मुलुखातल्या मराठी मुलामुलींची लग्ने भाड्याच्या सभागृहांत होत आणि त्यांची सारी व्यवस्था इंदूताईंकडे असे. मुंडावळ्या त्याच ओवीत, रुखवत त्याच मांडीत, अक्षतांना कुंकू त्याच लावीत. मंगलाष्टके मी म्हणत असे. मात्र अक्षता पडायच्या नेमक्या क्षणी इंदूताई कधी मांडवात दिसल्या नाहीत. विचारले तर म्हणत, "मसालेभात खाली लागला तर तुम्ही खाणार काय?" हा त्यांचा कर्मयोग आहे, असे मी बरीच वर्षे समजत होतो.

आमच्या खालच्या मजल्यावर पाब्लो नावाचा स्पॅनिश तरुण राहत असे. रेडमंडला मिलिंदच्याच कचेरीत तो काम करी. एका संध्याकाळी हिंगाच्या फोडणीचा वास कोठून येतो ते शोधीत तो वर इंदूताईंच्या दारी आला आणि पिठले-भात जेवूनच परतला. तेव्हापासून इंदूताई त्याला 'पाब्लोबा' म्हणू लागल्या. विठोबा, खंडोबा, पाब्लोबा. उपासना वेगळी, प्रत्यय एकच. तो त्यांना 'मावशी' म्हणे. वर्षभरात पन्नासएक मराठी शब्द तो शिकला होता. त्यांतले निम्मे खाण्याचे होते.

या पाब्लोचे लग्न एमा नावाच्या इंग्रज मुलीशी ठरले. दोघांची घरे समुद्रापलीकडे, जवळ वडीलधारे कोणी नाही. म्हणून लग्नाचा सारा खल इंदूताईंच्या जेवणाच्या टेबलावर झाला. दोन वेगळ्या गृह्यसूत्रांचा मेळ घालावा तसे ते काम होते. माझे इंग्रजी मोडके आणि इंदूताईंचे त्याहून; त्यामुळे मिलिंद दुभाष्या झाला.

पहिला वाद जेवणाच्या वेळेवरून झाला. एमाच्या मते पाहुण्यांना एक वाजता जेवायला वाढले पाहिजे. पाब्लोच्या मते तीनच्या आत जेवणे हे आजाऱ्याचे लक्षण. इंदूताईंनी निवाडा दिला, "एकला बसवा, तीनला वाढा. आमच्या नागपुरात असंच होते."

इंग्रजांकडे वधूने अंगावर काही जुने, काही नवे, काही मागून आणलेले आणि काही निळे वागवावे असा संकेत आहे. इंदूताईंनी त्याच दिवशी आपल्या मोरपिशी पैठणीचा काठ कापून एमासाठी रुमाल शिवला. मिलिंद कळवळून म्हणाला, "आई, अगं ती पैठणी टोटली चांगली होती!"

"अरे, जुनी आहे, निळी आहे, मागून आणलेली आहे. एकात तीन काम झाले. नवं तिचं ती पाहील."

स्पॅनिश बाजूने निराळाच पेच आला. लग्नाच्या दिवशी पाऊस पडू नये म्हणून तिकडे वधू एका मठातल्या साध्वींना अंडी नेऊन देते. लग्न ऑक्टोबरात, आणि आमच्या भागात ऑक्टोबरात पाऊस न पडणे ही वार्ता होते. एमाला रजा मिळेना. तेव्हा जन्मात अंड्याला न शिवलेल्या इंदूताई हातावर दोन प्लास्टिकच्या पिशव्या चढवून, अंड्यांचा खोका अंगापासून हातभर दूर धरून मिलिंदच्या गाडीत बसल्या आणि तासाभराच्या अंतरावरच्या मठात तो देऊन आल्या. "त्या बायकांनी फार प्रेमाने घेतलं जी. मी एक नारळही ठेवून आली. दोन्हीकडून सांगितलेलं बरं."

आणि मग तो प्रश्न आलाच. "पण रुसायला कोण?"

एमा गोंधळली. म्हणाली, "आमच्याकडे रुसलेला माणूस 'मी अगदी ठीक आहे' असं म्हणतो."

"मग कळते कसं?"

"कळत नाही. वीस वर्षांनी कळतं."

पाब्लो म्हणाला, "आमच्याकडे रुसलेला माणूस आधी ओरडतो, मग गातो, मग जेवतो."

"बाप्पा! म्हणजे दोघांकडेही विनवायची सोयच नाही?" इंदूताईंना मनापासून वाईट वाटले. अखेर वरपक्षाकडून रुसण्यासाठी मिलिंदची नेमणूक झाली आणि पाब्लोची तालीम सुरू झाली. "'चला ना, तुमच्याशिवाय लग्न लागायचं नाही' असं म्हणायचं. आवाज खाली. हं, म्हण."

मिलिंद घड्याळ पाहत म्हणाला, "आई, यार, मला सात वाजता कॉल आहे. मी उद्या रुसलो तर चालेल?"

पाब्लोने मात्र ते वाक्य निष्ठेने पाठ केले. जिन्यावर भेटला की मलाही म्हणून दाखवी. त्याचे उच्चार मी शक्य तेवढे शुद्ध करीत असे.

स्पॅनिश रीतीत एक गोष्ट इंदूताईंना फार आवडली होती. इंग्रजांकडे वधूला तिचे वडील हाताला धरून आणतात, तसे स्पेनमध्ये वराला त्याची आई वेदीपर्यंत नेते. "दोन्हीकडून एकेक. मानपान बरोबर जुळला," असे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. लग्न पंधरवड्यावर आले असताना पाब्लोच्या घरून दूरध्वनी आला. त्याची आई पायऱ्यांवरून पडली होती. पाय प्लास्टरमध्ये होता आणि प्रवास अशक्य होता.

दोन दिवस तो मुलगा जेवला नाही. तिसऱ्या दिवशी वर आला आणि टेबलापाशी उभा राहून त्याने इंदूताईंना विचारले, "मावशी, आईच्या जागी तुम्ही मला न्याल?"

इंदूताई उठल्या. "नाही. मला नाही जमणार रे," म्हणाल्या आणि आत जाऊन स्वच्छ असलेली कढई घासू लागल्या.

एमा सुसंस्कृत मुलगी. ती हळूच म्हणाली, "त्यांचा नकार आपण मानला पाहिजे. पुन्हा विचारून त्यांना संकोचात टाकायला नको." त्यात गैर काहीच नव्हते. पाब्लो वेदीपर्यंत एकटा जाईल असे ठरले. इंदूताई दुप्पट जोमाने कामाला लागल्या. लाडू वळणे चालूच, पण बोलणे बंद.

मला राहवले नाही. दुपारी मिलिंद आणि सून कामावर गेलेले पाहून मी समोरच्या दारी गेलो. त्या बेसन भाजीत होत्या.

"इंदूताई, नाही का म्हणालात?"

"तुम्ही शास्त्री. तुम्हाला काऊन सांगायला पाहिजे? मी ही अशी. माझ्या हाताला धरून नवरदेव जाईल काय?"

"आईपण पतीच्या असण्या-नसण्यावर टेकलेले नसते. मी जे काही शिकलो त्याला स्मरून सांगतो. तुम्ही जा."

"शास्त्र तुमचं खरं असेल जी. पण माझं मन नाही घेत." त्यांनी आच मंद केली. "मिलिंदच्या लग्नात दिरा-जावांनी त्याला पाटावर घेतलं. मीच म्हटलं होतं, मी नाही येत, मी कोठीत बसते. विडे लावत बसली. मनात होतं, मंगलाष्टकं सुरू झाली की कोणी तरी दारात येईल. म्हणेल, चला."

"कोणी आले नाही?"

"नाही ना. पण कोणाचं चुकलं नाही. सगळे भले लोक. मी नाही म्हटलं, त्यांनी ऐकलं." मग उलथने हाती घेऊन म्हणाल्या, "जा आता, बेसन करपेल."

लग्नाच्या दिवशी पाऊस पडला. अंडी आणि नारळ दोन्ही उपाय निष्फळ ठरले. चर्चला लागूनच असलेल्या सभागृहात इंदूताईंनी रुखवत मांडले होते: मधोमध इंग्रजांचा तीन मजली केक, डावीकडे पाब्लोच्या आईने पाठवलेला बदामांचा डबा, उजवीकडे बेसनाच्या लाडवांचा मनोरा. लग्न लागेपर्यंत रुखवताला कोणी हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. एमाच्या आईच्या डोक्यावर पिसांची भली मोठी टोपी होती. "डोक्यावर अख्खी परडी घेऊन आली, पण शोभते हो," एवढे बोलून इंदूताई स्वयंपाकघरात निघून गेल्या. वादन सुरू व्हायला थोडाच अवकाश होता.

चर्चच्या दाराशी पाब्लो एकटा उभा होता. मी त्याच्याजवळ गेलो आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हणालो, "दोन झाले. तिसरे राहिले."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडला तो मी हुशार विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर, एखादे अवघड सूत्र उलगडताना, पुष्कळदा पाहिला आहे. तो सभागृहाकडे धावला. मी माझ्या चालीने मागे गेलो.

इंदूताई ओट्याकडे तोंड करून विडे लावीत होत्या. पाब्लो दारात उभा होता; काळा कोट, ओले केस आणि हातात लाडू.

"मावशी, चला ना. तुमच्याशिवाय लग्न लागायचं नाही."

आवाज खाली. एकही उच्चार चुकला नाही.

इंदूताई वळल्या. आधी त्यांना लाडूच दिसला. "मेल्या! रुखवताला हात लावला?" एवढे म्हणाल्या. हातातले विड्याचे पान त्यांनी खाली ठेवले, हात पुसले. लाडू घेऊन अर्धा मोडला, त्याच्या तोंडात कोंबला, अर्धा स्वतः खाल्ला. मग पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन म्हणाल्या, "कोणता हात धरायचा असते तुमच्यात?"

त्या दोघांना आत येताना पाहून मिलिंद बाकावरून उभाच राहिला. कितीतरी वेळ तो बसला नाही. इंदूताई खाली मान घालून, जमिनीकडे पाहत चालल्या. वेदीपाशी पोहोचल्यावर त्या पुढच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसल्या, तरी मान खालीच. वडिलांचा हात धरून एमा आली. तिच्या मुठीत तो मोरपिशी रुमाल होता. प्रार्थना झाली. वचने सुरू झाली तेव्हा इंदूताईंनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली नाही. पापणीही लववली नसावी.

परतताना मिलिंद गाडी चालवीत होता. काचेवर पावसाचे पाणी ओघळत होते. इंदूताईंनी मला विचारले, "शास्त्रीबुवा, लग्न लागताना असं दिसते होय?"

मिलिंदने गाडीचा वेग कमी केला. मी म्हणालो, "हो इंदूताई. असेच दिसते."