भिंगाखालची पानगळ कॉफी

"ताई, या कॉफीत गहू आहे का?"

प्रश्न सहा शब्दांचा. पण तो परक्या माणसाला, स्वतःच्या तोंडानं, ऐकू जाईल इतक्या आवाजात विचारायला फटाकडीला सात महिने लागले. तेही मैत्रिणींनी पैज लावली म्हणून.

फटाकडी हे तिचं घरातलं नाव. घरात ती बोलायला लागली की समोरच्यानं कानात बोटं घालावीत. बाहेर मात्र, विशेषतः खाण्यापिण्याच्या काउंटरसमोर, ही फटाकडी पार सादळून जायची. सात महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं, की तिच्या आतड्यांना ग्लुटेन चालत नाही. म्हणजे गहू बंद, बार्ली बंद, आणि बंद म्हणजे कणभरसुद्धा नाही. तेव्हापासून बाहेर कुठंही गेलं की चौकशी आई करायची. आई जनावरांची डॉक्टर. आपल्याला काय होतंय हे तिचे रोगी कधीच सांगत नाहीत, त्यामुळे खोदून खोदून शोधायची तिला सवय. एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिनं त्यांच्या स्वयंपाकघरात शिरून अकरा मिनिटं तपासणी केली. बरण्या हुंगल्या. मैत्रिणीच्या आजीला पोळपाट कधी धुतला ते विचारलं. त्या दिवसापासून फटाकडीनं एक वाक्य पाठ केलं, "मला भूक नाही." ते तिनं सात महिने सगळीकडे वापरलं, आणि दर वेळी तिला भूक होती.

घरी वेगळंच. डॉक्टरांकडून आल्या दिवशी बाबा जेवणाच्या टेबलापाशी उभे राहिले होते. बाबांचं चष्म्यांचं दुकान. एरवी ते "जवळचं दिसतं का, लांबचं दिसतं का" यापलीकडे फारसं बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. "आजपासून या घरात गव्हाचा कण येणार नाही. जे पोरीला नाही, ते आम्हालाही नाही." आईनं मान हलवली. टोस्टर जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला, घरातलं कोणी गेल्यासारखा. नंतर शेजारून भाजल्या पावाचा वास आला, की बाबा उठून खिडकी लावून घ्यायचे.

आणि आता दप्तरात शाळेच्या शिबिराचा अर्ज होता. तीन दिवस, डोंगरात, सगळा वर्ग. पालकांच्या सहीची जागा कोरी, आणि उद्या शेवटची तारीख.

"ज्या दिवशी तू परक्या माणसाला स्वतः विचारशील," बाबांनी सांगितलं होतं, "त्या दिवशी सही."

"तिथं मी नसणार," आई म्हणाली होती. "आणि तू 'भूक नाही' म्हणत तीन दिवस उपाशी राहशील. मला माहीत आहे."

खरं असल्यामुळे फटाकडीला फार राग आला होता.

म्हणून शाळा सुटल्यावर दोघी मैत्रिणी तिला ओढत या कॉफीच्या दुकानात घेऊन आल्या. एक भोंगा, जिचा आवाज तिच्याआधी वर्गात पोचतो. दुसरी मुंगी, जी बारीक आहे आणि जिथं साखर तिथं हजर. दारातल्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं: 'पानगळ कॉफी. भाजलेलं सफरचंद, दालचिनी, कॅरॅमल. ग्लुटेन-मुक्त. आज शेवटचा दिवस.'

"लिहिलंय की ग्लुटेन-मुक्त!" मुंगी म्हणाली. "घे आणि पी."

"आई म्हणते, लिहिलेलं असलं तरी विचारायचं."

"मग विचार ना!" भोंगा म्हणाली. मागच्या तीन टेबलांनी वळून पाहिलं. "तू विचारलंस, तर मी अख्खा आठवडा कुजबुजत बोलीन. आईशप्पथ."

शाळेच्या इतिहासात इतकी मोठी पैज कोणी लावली नव्हती.

तर, फटाकडीनं विचारलं. काउंटरवरच्या ताईनं तिच्याकडे पाहिलं. "गहू? कॉफीत? नाही गं बाई. कॉफीत कॉफी असते."

झालं! खिडकीजवळच्या टेबलावर मुंगीनं टाळ्या वाजवल्या. भोंगानं तोंडावर हात ठेवला, कारण पैज लागू झाली होती. फटाकडीनं इथं पैसे देऊन कॉफी घेतली असती, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण तिला एकदम कसलं तरी बळ आलं. आपण विचारलं, आणि छप्पर काही कोसळलं नाही. सात महिने तुंबलेले प्रश्न एकामागोमाग बाहेर पडले.

"आणि सिरपमध्ये? वरती भुरभुरवता ते काय? दूध तापवायचं भांडं सगळ्यांना एकच का?"

"भुरभुरते ती दालचिनी. भांडं धुते मी. सिरप..." ताई थांबली. "सिरपची कंपनी मागच्या आठवड्यात बदलली." तिनं बाटली उचलली, डोळ्यांपासून लांब धरली, मग जवळ आणली. "हे काय मुंग्यांना वाचायला छापलंय?"

रांगेत फटाकडीच्या मागं एक टोपीवाले गृहस्थ होते. "बघू," म्हणून त्यांनी बाटली घेतली आणि ठामपणे वाचलं, "साखर. पाणी. पुढे नक्षी आहे."

"नक्षी नाही हो, अक्षरं आहेत ती."

"मग मला दिसत नाहीत. पण मला कॉफी हवी आहे, आणि आज शेवटचा दिवस आहे!"

रांग सात जणांची झाली होती. गव्हाबरोबर किडेही रगडले जातात म्हणतात. इथं गव्हाचा अजून पत्ता नव्हता, आणि रांग रगडली जात होती. शेवटी ताईला युक्ती सुचली. "थांबा, आपले चष्मेवाले काका बसलेत ना कोपऱ्यात! रोज साडेचारला येतात. काका! जरा भिंग देता का?"

कोपऱ्यातल्या टेबलावर एक वर्तमानपत्र उभं होतं. त्याच्यामागं माणूस असावा, कारण खाली दोन बूट दिसत होते. हाक ऐकून वर्तमानपत्र हललं नाही. उलट थोडं वर सरकलं.

"काका! तुमचं भिंग!"

वर्तमानपत्राच्या कडेनं एक हात बाहेर आला. नुसता हात. हातात भिंग. ताईनं फटाकडीला खूण केली, "जा, आण जा."

फटाकडी गेली. भिंग घेतलं. त्याच्या दांड्याला लाल दोरा गुंडाळलेला होता, तीन वेढे आणि एक वेडीवाकडी गाठ. ती गाठ ओळखायला तिला भिंगाची गरज नव्हती. दुसरीत असताना, बाबांच्या दुकानात काउंटरखाली बसून, ती तिनंच मारली होती.

तिनं आधी काउंटरवर जाऊन बाटली वाचली. कारण काम आधी, हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. भिंगाखाली नक्षीची अक्षरं झाली. "साखर, पाणी, मीठ, रंग, बार्लीचं माल्ट." ती थांबली. "बार्ली. ताई, बार्लीत ग्लुटेन असतं. मी हे प्यायले असते ना, तर उद्या उभी राहू शकले नसते."

ताईचा चेहरा उतरला. "अगं बाई. मी तर तुला 'नाही' म्हटलं."

मग फटाकडी कोपऱ्यातल्या टेबलाकडे परत गेली, भिंग द्यायला. ताटलीत अर्धा क्रोसाँ होता, मैद्याचा पापुद्र्यांचा पाव. वर्तमानपत्राच्या वरच्या कडेला दोन डोळे आले, मग मिशी. तिनं भिंग तसंच डोळ्यासमोर धरलं. भिंगातून बाबांची मिशी दिसली, कधी नव्हे इतकी स्पष्ट. मिशीत डाव्या बाजूला फेस, आणि उजव्या बाजूला क्रोसाँचे चार पापुद्रे, एकेक सुट्टा मोजता येईल असा.

"रोज साडेचारला लेन्सचं पार्सल आणायला जाता ना तुम्ही, बाबा?" तिनं हळूच विचारलं.

बाबांनी वर्तमानपत्राची कड सारखी केली. "पार्सल... आज उशिरा येणार आहे," ते म्हणाले.

तेवढ्यात आतून व्यवस्थापक आले. गृहस्थ अतिशय शिस्तीचे. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या आवरणातला नियमांचा कागद होता. आयुष्यात प्रथमच त्याचा उपयोग होत असावा, कारण त्यांनी आधी त्यावरची धूळ पुसली.

"फळ्यावर चुकीचं लिहिलं असल्यास," त्यांनी मोठ्यानं वाचलं, "एक, विक्री थांबवा. दोन, फळा पुसा. तीन, ज्यांनी ज्यांनी घेतलं त्या प्रत्येकाला कळवा."

"म्हणजे मला कॉफी नाही?" टोपीवाले.

"आपल्याला गव्हाचा त्रास आहे का?"

"मला फक्त रांगेचा त्रास आहे!"

व्यवस्थापक टेबला-टेबलाशी गेले. कोपऱ्यातल्या टेबलाशी त्यांनी वाकून विचारलं, "साहेब, आपल्याला किंवा घरात कोणाला ग्लुटेनचा त्रास?"

"मला नाही," बाबा म्हणाले. त्यांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली. "हिला आहे. माझी मुलगी आहे ही." लपणं संपल्यावर त्यांचा आवाज जरा मोकळा झाला होता. पण फटाकडीकडे बघायचं धाडस त्यांना होत नव्हतं. "रोज अर्धाच खातो गं मी," ते टेबलाला म्हणाले. "पूर्ण खाल्ला तर फसवल्यासारखं वाटतं."

आता राहिली दुकानाबाहेर पोचवलेली कॉफी. तिची वही होती. व्यवस्थापकांच्या एका हातात फळा पुसायचं फडकं, दुसऱ्या हातात पेन्सिल. म्हणून फोन त्यांनी काउंटरवर ठेवून स्पीकर लावला. आज एकच नोंद होती. फटाकडीनं ती उलटीकडून वाचली. 'जनावरांचा दवाखाना. पानगळ १, दालचिनी रोल १. नेहमीचं.'

"बाबा," ती म्हणाली, "उठून इकडे या."

फोन उचलला गेला. आधी एक कुत्रं भुंकलं. मग आई बोलली.

"बोला."

"मॅडम, आपण आज पानगळ कॉफी मागवलीत. त्यात बार्ली असल्याचं आढळलंय. आपल्याला काही त्रास?"

"मला नाही हो. त्रास माझ्या मुलीला आहे. म्हणून तर घरात आम्ही गव्हाचा दाणा ठेवत नाही." कुत्रं परत भुंकलं. "गप रे, तुला नाही मिळायचा रोल. हं, काय म्हणत होतात? आणि एक करा, साहेब. चुकूनसुद्धा घरच्या नंबरवर फोन करू नका. माझ्या मुलीला कळलं तर तिला फार वाईट वाटेल."

"कळणार नाही, मॅडम," व्यवस्थापक म्हणाले. नियमात नसलेलं एवढं एकच वाक्य ते त्या दिवशी बोलले, आणि तेही खोटं ठरलं.

"आणि माझ्या नवऱ्याला तर अजिबात नाही. सात महिने झाले, या माणसानं कण तोंडात घातला नाही. शेजारून वास आला की खिडकी लावतो बिचारा. देवमाणूस आहे. त्याच्यासमोर मी कुठल्या तोंडानं उभी राहू?"

देवमाणूस काउंटरशी उभा होता. त्याच्या मिशीतला एक पापुद्रा सुटला आणि नियमांच्या कागदावर पडला. टोपीवाल्यांनी टोपी काढली. सगळ्या दुकानात कोणी हसलं नाही; मुंगी खिडकीकडे तोंड करून उभी होती, पण तिचे खांदे हलत होते.

"अगं," बाबा फोनकडे वाकून म्हणाले.

पलीकडे कुत्रंसुद्धा गप्प झालं.

"अहो?" आई म्हणाली. "तुम्ही तिथं काय करताय?"

"लेन्सचं पार्सल," बाबा म्हणाले.

फटाकडीला आधी राग आला. खराखुरा. मग तिच्या डोळ्यांसमोर ती बंद होणारी खिडकी आली, आणि चादरीतला टोस्टर. हा अर्धा क्रोसाँ बाबा तिच्यापासून लपवून खात होते, तो रोल आई बाबांपासून, आणि ती स्वतः सगळ्यांपासून आपली भूक लपवत होती. तिघं एका टेबलावर बसून सात महिने एकमेकांना जपत होते, आणि तिघंही उपाशी.

तेवढ्यात ताईनं तिच्यासमोर एक कप ठेवला. "तुझ्यासाठी. धुतलेल्या भांड्यात. सिरप नाही, कॉफीत नुसतं भाजलेलं सफरचंद आणि दालचिनी. डबा दाखवू?"

"दाखवा," फटाकडी म्हणाली. तिनं डबा घेतला, भिंगाखाली धरला, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला. मग कप उचलला आणि एक घोट घेतला. सफरचंद गरम होतं, थोडं करपलेलं, थोडं आंबट. सात महिन्यांत बाहेरच्या कपातला हा पहिला घोट. तिनं दुसरा घेतला, जरा मोठा.

"कशी आहे?" खिडकीजवळून भोंगानं विचारलं. कुजबुजत. तरी सगळ्यांना ऐकू आलं.

फटाकडीनं दप्तरातून अर्ज काढला, व्यवस्थापकांची पेन्सिल नको म्हणून बाबांच्या खिशातलं पेन काढलं, आणि दोन्ही बाबांसमोर ठेवलं. मग फोन जवळ ओढला. रांगेतले सात जण ऐकत होते. तिला काहीही वाटलं नाही.

"आई, ऐकतेयस ना? बाबा, तुम्हीपण. माझं ठरलंय. मी शिबिराला जाणार, आणि तिथं काय खायचं ते मी विचारीन, मोठ्यानं. आणि आज टोस्टर माळ्यावरून खाली येणार. त्याचं कपाट वेगळं, सुरी वेगळी, फडकं वेगळं, पण येणार. उद्यापासून तुम्ही दोघं पाव घरीच खायचा, माझ्यासमोर बसून, आणि बाबा, पूर्ण. फक्त माझ्याजवळ यायच्या आधी मिशी धुवायची."