मेंदूविज्ञान विभागाचा परिचय समारंभ

मुलांनो, कल्पना करा की यवतमाळच्या एका सभागृहात तिसऱ्या रांगेत तुम्ही माझ्या शेजारी बसला आहात. (डोळे मिटू नका, मग वाचणार कसे?) ज्ञान कुणालाही कसंही मिळू शकतं, पण ज्ञान देणाऱ्यांचा परिचय रीतसरच व्हावा लागतो. म्हणून विद्यापीठाचा मेंदूविज्ञानाचा अभ्यासक्रम आपल्याकडे सुरू झाला तेव्हा शिकवणं पुढे ढकलून आधी शिक्षकांचा परिचय समारंभ ठेवण्यात आला. निर्णय अत्यंत योग्य होता.

निमंत्रणपत्रिकेत शेवटी छापलं होतं : 'मेंदूविषयी तुमचे प्रश्न, दहा मिनिटे.' तेवढ्या ओळीसाठी आर्णीहून सातवीतली अतिया आली होती. सोबत तिचे वडील रहमतभाई, मोटारसायकलींचे मिस्त्री. अतियाची नानी खातूनबी महिनाभरापासून तिला हमीदा म्हणून हाक मारत होती. हमीदा नानीची धाकटी बहीण. तिला जाऊन चाळीस वर्षं झाली. अब्बा म्हणत, ओ देत जा. अम्मी म्हणे, चूक सुधार. काय करावं ते न कळून अतियानं नानीच्या खोलीत जाणंच सोडलं होतं.

तीन वाजता सलीलराव उभे राहिले. ते शिक्षकांचा परिचय करून देणार नव्हते. परिचय करून देणाऱ्या ऋचाताईंचा परिचय त्यांच्याकडे होता.

मग विभागप्रमुख डॉ. कमलाकर पांढरीपांडे (अतिरिक्त कार्यभार). त्यांचं संशोधन बोंडअळीवर. बोंडअळीलाही मेंदू असतो (लहान, पण स्वतःचा), त्यामुळे निवड निर्विवाद झाली. आजवर मिळालेल्या शाली त्र्याण्णव, ही चौऱ्याण्णवावी. "मले बोलाची सवय नाही," असं सांगून ते एकोणीस मिनिटं बोलले.

"अब्बा, मेंदूचं कवा सांगतीन?" अतियानं विचारलं.

"सबर कर बेटा. टेबलावर अजून दोन नारळ हायेत."

पहिला नारळ प्रा. शीलाताईंचा, विषय भूगोल. मेंदूचाही नकाशा असतो, असं परिपत्रकात म्हटलं आहे. दुसरा प्रा. मंदार यांचा, क्रीडा विभाग. मज्जारज्जू पाठीतून जातो आणि पाठ त्यांच्या अखत्यारीत येते.

"आणि इतर," ऋचाताई म्हणाल्या व खाली बसल्या.

इतर म्हणजे एक बाई. तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास शिकवतील तेवढ्यापुरत्याच शिक्षिका. मेंदू हाच विषय घेऊन शिकलेल्या त्या एकट्याच. (हा योगायोग, निवड समितीच्या तो लक्षात आला नव्हता.) माइकचा सैल प्लग बोटानं दाबून धरत त्या भिंतीशी उभ्या होत्या. सगळ्यांचे परिचय ऐकू आले ते त्यामुळेच.

एकूण वेळ एकशे पंचेचाळीस मिनिटं. पैकी परिचय व मनोगतं एकशे एकोणतीस, शाल-श्रीफळ अकरा, आभार पाच, प्रश्न शून्य. 'मेंदू' हा शब्द सहा वेळा उच्चारला गेला, त्यांपैकी चार वेळा फलक वाचताना. अतियाचा हात वर होता. तिनं प्रश्न लेखी पाठवावा, योग्य त्या समितीपुढे ठेवला जाईल, असं जाहीर झालं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी जरा जास्तच.

सभागृह रिकामं होत असताना अतिया वायर गुंडाळणाऱ्या बाईंपाशी गेली.

"मॅडम, माही नानी मले हमीदा म्हणते. मी ओ देऊ का नको?"

बाई खालीच बसल्या. म्हणाल्या, "असं होतं तेव्हा नव्या आठवणी आधी निसटतात. जुन्या बऱ्याच दिवस टिकतात. डॉक्टरांना दाखवा, ते राहू देऊ नका. पण तिनं हाक मारली तर जा. आपल्या जवळच्या कुणालातरी बोलावून राह्यली ती."

"अन् तिनं मले 'तू कोण हायेस' म्हणून विचारलं तर?"

"तर सांग की अतिया. रागावून नको सांगू."

अतियानं मान डोलावली. बाहेर रहमतभाई बससाठी घाई करत होते.

आता बघा, तुम्ही इथवर आलात. बोंडअळी तुमच्या लक्षात आहे, शाली लक्षात आहेत, पांढरीपांडे हे आडनावसुद्धा आहे. या बाईंचं नाव मी सांगितलं नाही आणि तुम्हीही ते विचारलं नाहीत.

अतिया दारातून परत फिरली आणि तिनं विचारलं.