मंत्र्याचं नाक आणि सीतारामरावांची मोपेड

"कोणी विश्वास ठेवणार नाही," असं म्हणून सीतारामरावांनी ओट्यावर मांडी घातली की शेजारचे सांबशिव मास्तर समजून चुकत: आता तासभर घरी जाणं नाही. तंजावुरच्या राजवाड्यामागच्या त्या गल्लीत थापांचा कारखाना एकच, आणि माल अस्सल असल्याची मालकाची हमी.

आजचं दुःख मात्र खरं होतं. त्यांची मोपेड तीन आठवडे पोलीस ठाण्यात अडकली होती. दर शनिवारी बायकोला मागं बसवून तिरुवैयारुला कावेरीवर न्यायचं, हा आठ वर्षांचा नेम मोडला होता. तेव्हापासून कमलाक्षीबाई कामापुरतंच बोलत. आत्ताही त्या उंबऱ्यात शेंगा निवडत होत्या. हात सुपात, कान ओट्यावर.

"मी कॉफीपूड घ्यायला उतरलों. मोपेड दुकानापुढं. मंत्री येणार म्हणून रस्त्यात त्याचा साठ फुटी कटआउट. वारा आला, मंत्री आडवा! माझ्या मोपेडवर. हँडलवर आपटून नाक तुटलं त्याचं."

"तुटणारच. प्लायवुड," मास्तर म्हणाले.

"तक्रार द्यायला गेलों, तर इन्स्पेक्टर म्हणतो, 'बसा पेरियवरे, वडील माणूस तुम्ही. पण तक्रार आलीय. तुमच्यावर! मंत्र्यांना इजा.' म्हटलं, सार, मोपेड नुसती उभी होती, मी दुकानात होतों. म्हणाला, 'म्हणजे चालकाविना वाहन. आणखी एक कलम.'"

"बरोबर."

सीतारामराव चपापले. हे गिऱ्हाईक घासाघीस न करताच माल उचलत होतं. त्यांनी भाव वाढवला.

"मोपेडच्या टायरांना शाई लावून ठसे घेतले! चाकाला बेडी घातली!"

"आमच्या मेव्हण्याच्या सायकलीला घातली होती."

"कोर्टात फिर्यादी म्हणून कटआउट आणला! दारातून शिरेना. तेव्हा जजसाहेब बाहेर आवारात आले, लिंबाखाली खुर्ची टाकून बसले!"

"छे," मास्तरांनी मान हलवली. "मंत्री उभा आणि जज बसलेला? अय्यो, जजही उभे राहिले असतील."

"राहिले!" सीतारामराव चिडून म्हणाले. हे आपल्याला कसं सुचलं नाही, याचा त्यांना मनापासून राग आला.

"आणि कटआउट ज्यानं बांधला, त्याचं काय?"

"तो मंत्र्याचा मेहुणा. दोर कुजका, हें सगळ्या बाजाराला ठाऊक. त्याला नव्या कटआउटचं कंत्राट दिलं. आतां ऐंशी फुटी, बसस्टँडवर."

"हो, अनुभवी माणूस," मास्तर म्हणाले.

दिल्लीनं परवान्यांचं राज्य उठवलं, असं पेपरात येऊन तीन-चार वर्षं झाली होती. तंजावुरात मेहुण्याला परवाना आधीही लागत नव्हता.

सीतारामरावांनी तिरप्या डोळ्यानं उंबऱ्याकडं पाहिलं. उद्या शनिवार. सुपातल्या शेंगा संपत आल्या होत्या. त्यांनी घसा खाकरला आणि कारखान्यातला सर्वांत भारी माल बाहेर काढला.

"आणि आज सकाळीं काय झालं! मंत्री स्वतः ठाण्यात आला. चालत. लाल दिवा नाही, शिपाई नाही. माझ्या मोपेडच्या सीटवर हात ठेवून म्हणाला, 'राव, चूक आमची. जो कायदा तुम्हांला तोच आम्हांला.' मेहुण्याला तिथल्या तिथं अटक! मोपेड उद्या घरीं."

मास्तरांनी एवढा माल मात्र उचलला नाही.

"खोटं!"

कमलाक्षीबाई सूप घेऊन उभ्या राहिल्या होत्या. तीन आठवड्यांत त्या इतकं मोठ्यानं बोलल्या नव्हत्या.

"अहो, टायरांना शाई लावा, जजाला लिंबाखाली उभं करा, मी ऐकत्यें. पण मंत्री 'चूक आमची' म्हणाला? जिभेला कांही हाड?" त्या आत वळल्या, मग थांबल्या. "उद्या सातच्या बसनं जाऊं तिरुवैयारुला. आणि स्टँडवर त्या नव्या मंत्र्याखालीं उभे राहूं नका. तुमचं डोकं लागेल त्याला."