कोऱ्या फितीचे पुष्पचक्र

खासदार जेगाल दोक-मान यांच्या मातोश्रींचे वय चौऱ्याण्णव होते आणि त्यांची प्रकृती हा राष्ट्रीय सुरक्षेचा विषय होता.

जेगाल हे दक्षिण कोरियाच्या संसदेच्या गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष. गुप्तवार्ता संस्थेचा संसद सौजन्य विभाग चालू ठेवायचा की बंद करायचा, हे या अधिवेशनात त्यांच्या समितीला ठरवायचे होते. विभागाचे काम एकच होते, खासदारांची मर्जी राखणे, आणि ते योम गि-हो नावाचे अधिकारी निष्ठेने करत. विभाग बंद झाला तर योम यांची बदली उत्तर कोरियासमोरच्या बेंगन्योंग बेटावर होणार होती. तिथे कानाला यंत्र लावून समुद्रापलीकडचा खोकला ऐकत बसायचे असते. योम यांची मुलगी यंदा विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला बसणार असल्याने पत्नीने आपला निर्णय आधीच कळवला होता.

"बेटावर तुम्ही एकटे जा. आणि उठसूट फोन करू नका, तिचा अभ्यास असतो."

सौजन्याची रीत ठरलेली होती. खासदाराच्या घरी कोणी वारले की अंत्यदर्शनगृहाबाहेर पांढऱ्या शेवंतीची तिमजली पुष्पचक्रे भिंतीला टेकून उभी राहतात आणि त्यांच्या फितींवर पाठवणाऱ्यांची नावे हुद्द्यासह झळकतात. संस्थाही पुष्पचक्र पाठवत असे. मात्र संस्थेचा वावर कुठेही उघड होता कामा नये, असा नियम असल्याने तिची फीत कोरी असे. नियम काटेकोरपणे पाळला जात होता. कोरी फीत पाठवणारे देशात दुसरे कोणीच नसल्यामुळे ती दिसली की लोक ओळखत, एवढीच काय ती उणीव होती.

हळूहळू लोक मंत्र्यांची पुष्पचक्रे ओलांडून कोऱ्या फितीपुढे थांबू लागले. बूट काढता काढता एकमेकांना कोपराने खुणावू लागले. "आलं बघ. नाव नसलेलं."

विरोधी पक्षाच्या समिती सदस्य श्रीमती मेंग हे-रान यांच्या मामांच्या वेळी कोरी फीत आली नाही, तेव्हा त्यांनी योम यांना संसदेच्या उपाहारगृहात सर्वांदेखत गाठले.

"काय हो योम, आमचे मामा काय देशाच्या बाहेर वारले?"

"मॅडम, मामा आमच्या निकषात बसत नाहीत."

"मागच्या महिन्यात जेगालांचे मेहुणे बसले! काय होते ते? कोळंबीचे व्यापारी. कोळंबीपासून देशाला धोका आणि आमचे मामा बिनधोक, असं का?"

पुढच्याच आठवड्यात निकष रुंदावले. मामा आले, आत्या आल्या, साडू आले. मग इतर समित्यांनी विचारले की मत्स्यव्यवसाय समितीच्या नातलगांचे मरण गौण कसे. तेही आले.

मग फूलवाले जागे झाले. नाव लिहिण्याचा खर्च वाचतो, वर भाव दुप्पट मिळतो, हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. कोणाच्याही अंत्यदर्शनाला कोरी फीत घरपोच मिळू लागली. निवृत्त मुख्याध्यापकांना मिळाली, कपडे धुण्याच्या दुकानाच्या मालकाला मिळाली. इंचॉनच्या एका दिवंगत टॅक्सीचालकाला अशा तीन मिळाल्या आणि तो उत्तरेकडे नक्की काय करत होता, यावर त्याच्या गल्लीत आजही वाद आहे.

संस्थेचे उपसंचालक ब्योन यांनी हे गांभीर्याने घेतले. आपण नसताना आपण असल्याचा भास निर्माण होणे, हा शत्रूचा डाव असू शकत होता. संस्थेची माणसे अंत्यदर्शनगृहांत पेरली गेली. ती अनोळखी मृतांसमोर दोनदा वाकत, तिखट रस्सा-भात खात, सुतकाच्या रीतीप्रमाणे ग्लासला ग्लास न लावता सोजू ही दारू पीत आणि फिती तपासत. सहा जणांचे वजन वाढले. त्या काळात उत्तरेने समुद्रात काय डागले, ते संस्थेला वर्तमानपत्रांतून समजले.

अखेर ब्योन यांनी खऱ्या फितीच्या डाव्या टोकाला करड्या धाग्याची बारीक गाठ मारायचे ठरवले. ही खूण खासदारांना माहीत असणे आवश्यक होते, नाहीतर सौजन्य कोणाचे हे त्यांना कळणार कसे? म्हणून समितीची बंद दाराआड बैठक झाली. मोबाइल बाहेर ठेवले गेले, खिडक्यांचे पडदे ओढले गेले. बैठक संपल्यावर, नेहमीच्या प्रथेप्रमाणे, दोन्ही पक्षांचा एकेक सदस्य बाहेर आला आणि आत काय गुप्त सांगितले गेले ते त्यांनी पत्रकारांना सविस्तर सांगितले. विरोधी पक्षाच्या बाजूने मेंगबाई होत्या. गाठ डावीकडे असते, हे त्यांनी दोनदा सांगितले, कारण मागच्या रांगेतल्या एका वार्ताहराला नीट ऐकू आले नव्हते.

संध्याकाळपर्यंत शहरातल्या सगळ्या कोऱ्या फितींना डावीकडे गाठी होत्या.

आणि याच दिवसांत, विभागाच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, जेगाल यांच्या मातोश्री गेल्या.

जेगाल यांनी योम यांना बाजूला घेतले. दंडावर सुतकाची पट्टी होती, डोळे खरोखरच सुजले होते.

"योम, आई होती माझी."

"हो साहेब."

"त्या कोळंबीवाल्याला पाठवलंत तसलं चालणार नाही. बाहेर जाऊन बघा, आताच तीस कोऱ्या फिती लागल्यात, सगळ्या गाठीवाल्या. मला खरं पाहिजे. आणि ते खरं आहे हे मला कोणाला सांगावं लागता कामा नये. नाहीतर उद्या मत कसं द्यायचं ते मला कळतं."

योम यांनी सर्वांत ताज्या शेवंतीचे, सर्वांत उंच पुष्पचक्र मागवले आणि दाराशेजारची मोक्याची जागा स्वतः उभे राहून अडवून धरली. फूलवाल्याचा माणूस वेळेवर पोहोचला. त्याने रांगेतल्या तीस कोऱ्या फिती पाहिल्या, आपला माल आपल्याच कोणीतरी आधी पोहोचवला असे समजून गाडी वळवली आणि परत गेला.

सत्ताधारी पक्षाचे अध्यक्ष येण्याच्या बेतात असताना जेगाल बाहेर आले.

"कुठंय?"

योम यांनी शेजारच्या मोकळ्या फरशीकडे पाहिले. त्यांना समुद्र दिसला, यंत्र दिसले, खोकला ऐकू आला.

"हे काय साहेब. समोरच आहे."

"इथे काही नाहीये, योम."

"साहेब," योम म्हणाले, आणि आपण काय बोलतो आहोत हे त्यांनाही बोलल्यावरच कळले, "संस्था जिथे असते तिथे ती कधी दिसते का?"

जेगाल यांनी फरशीकडे निरखून पाहिले. मग त्यांनी कोट सारखा केला.

"कोरी फीत कोणीही लावेल," ते हळूच म्हणाले.

"तेच तर, साहेब."

"आईला असलं काही पाहायला मिळालं असतं तर..." तेवढ्यात कोणीतरी त्या जागेत छत्री टेकवली आणि ते ओरडले, "अहो, सरका! दिसत नाही का तुम्हाला?"

तासाभरात जागेभोवती दोरी बांधली गेली. लोक तिच्यापुढे मान लववून आत जाऊ लागले. मेंगबाई आल्या, दोरीपाशी थबकल्या, सगळे समजल्या आणि योम यांच्या कानाशी येऊन दातओठ खात म्हणाल्या,

"माझ्या मावशीच्या वेळी तुम्ही फुलं पाठवलीत, योम. फुलं!"

दुसऱ्या दिवशी विभागाला एकमताने मुदतवाढ मिळाली. अदृश्य पुष्पचक्रांसाठी वेगळी तरतूद झाली, आणि तिचा विनियोग समितीने बंद दाराआड तपासला. बाहेर आल्यावर मेंगबाईंनी पत्रकारांना सांगितले, "आम्ही कसून पाहिलं. काहीही आढळलं नाही. समिती समाधानी आहे." योम यांची मुलगी उत्तम गुणांनी पास झाली. अंत्यदर्शनगृहे आता दाराशेजारच्या रिकाम्या जागेचे वेगळे भाडे आकारतात, दोरीसह.

आपण या सगळ्याला हसतो, आणि हसायलाच हवे. पण परवा आपल्या ओळखीत कोणी गेले, तेव्हा चपला ठेवण्याच्या फळीजवळ एक कोपरा मोकळा होता. तिथे दोरी नव्हती, फीत नव्हती, बहुधा कोणी झाडून घेतले असावे. गर्दी एवढी होती की पाऊल ठेवायला जागा नव्हती. तरी तुम्ही त्या कोपऱ्याला वळसा घालून गेलात. मी तुमच्या मागेच होतो. मीही घातला.