धोका किरकोळ आहे

आमच्या फॅक्टरीत कोणी पासवर्ड टाइप करायला लागलं, की वाघुळदे भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. नुसती मान वळवत नाहीत. अख्खे वळतात, हात मागे बांधून, शिक्षा झालेल्या पोरासारखे. एकदा मॅनेजरसाहेबांना स्वतःचा पासवर्ड आठवेना. तेवढा वेळ वाघुळदे भिंतीवरचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर वाचत उभे होते.

वाघुळदे मूळचे जळगावकडचे. सिल्वासात आमली भागात आठ वर्षांपासून एका खोलीत एकटे राहतात आणि आमच्या धाग्याच्या फॅक्टरीतले सगळे कॉम्प्युटर सांभाळतात. राग त्यांच्या नाकावर कायमचा मुक्कामाला. कोणी चिठ्ठीवर पासवर्ड लिहून स्क्रीनला चिकटवला, की ते विचारणार, "घराले कुलूप लावून किल्ली कडीलेच टांगता का हो तुम्ही?" कोणी म्हणालं, की जाऊ द्या, इथे सगळे आपलेच आहेत, तर ते आणखी भडकतात. आपल्याबद्दल वाचायची हौस आपल्यांनाच असते, हे त्यांचं ठाम मत. मला ते खुळ वाटायचं.

रमिलाबेन पॅकिंगमध्ये आहेत, किलवणी गावाहून येतात. त्यांना टीबी निघाला. डॉक्टरचा कागद त्यांनी आमच्या हजेरीच्या टाइम ऑफिसातल्या सामायिक कॉम्प्युटरवर स्वतःच्या नावानं लॉगिन करून स्कॅन केला, साहेबांना पाठवला आणि रजेवर गेल्या. संध्याकाळच्या चहापर्यंत सगळ्या शिफ्टला ते ठाऊक झालं होतं. मला टपरीवर कळलं. मीही पुढे दोघांना सांगितलं. लिहायला लाज वाटते, पण सांगितलं.

साहेबांनी सरळ वाघुळद्यांना बोलावलं. सगळ्या किल्ल्या ज्याच्याकडे, चोर तोच, हा त्यांचा हिशेब. वाघुळदे केबिनमधून बाहेर आले ते कानापर्यंत लाल होऊन. दोन दिवस ते त्या सामायिक कॉम्प्युटरसमोर बसून होते.

तिसऱ्या दिवशी मला हाक मारली. माझ्या साध्या लॉगिननं आत जायला लावलं आणि एक फोल्डर उघडायला सांगितला. मी उघडला आणि गार पडलो. त्यात महिन्याभराचे सगळ्यांचे स्कॅन होते. आधार कार्डं, रजेचे अर्ज, रमिलाबेनचा कागद. आणि मी वापीच्या एका कंपनीला गुपचूप पाठवलेला नोकरीचा अर्जसुद्धा. वाघुळदे पंख्याकडे बघत होते.

भानगड अशी होती. स्कॅनरबरोबर एक मदतनीस प्रोग्राम येतो. कॉम्प्युटरवर कोणीही बसलेलं असो, तो मागे राहून मालकाच्या अधिकारानं काम करतो. प्रत्येक स्कॅनची एक प्रत तो स्वतःसाठी ठेवायचा, आणि ठेवायचा ती अशा जागी, की त्या कॉम्प्युटरवर बसेल त्या प्रत्येकाला ती वाचता यावी. "घरगड्याले तिजोरीची किल्ली दिली," वाघुळदे म्हणाले, "आन् त्यानं दागिने ओट्यावर वाळत घातले."

साहेबांनी ऐकून घेतलं, तो फोल्डर बंद करा म्हणाले. ते वाघुळद्यांनी आधीच केलं होतं. माफीचा शब्द निघाला नाही. वाघुळद्यांनी तोही राग पत्रात ओतला आणि स्कॅनरच्या कंपनीला लिहिलं, की असे स्कॅनर जिथे जिथे असतील तिथे हेच चाललं असेल. उत्तर आलं, की हे वाचण्यासाठी माणसाला आधी त्याच कॉम्प्युटरवर बसावं लागेल, सबब धोका किरकोळ आहे.

ते उत्तर छापून घेऊन वाघुळदे माझ्या टेबलाशी आले. त्यांचं म्हणणं एवढंच, की लोक बसूनच वाचतात ना, उभ्यानं कोण वाचतं? परदेशातल्या चोराला रमिलाबेनच्या छातीत काय आहे याच्याशी काय करायचंय? ते हवं असतं शेजारच्या खुर्चीला. शेजारच्या खुर्चीत मीच होतो.

ते पत्रं लिहीत राहिले. शेवटी कंपनीनं प्रोग्रामची नवी आवृत्ती पाठवली. सोबत एक ओळ होती: किरकोळ सुधारणा. दोष खरोखर गेला होता, वाघुळद्यांनी तो तीनदा तपासला. आनंद मात्र नाही. आठवडाभर जो भेटेल त्याला विचारत होते, किरकोळ म्हणजे कोणासाठी?

त्याच सुमारास रमिलाबेन परतल्या. आता कोणाला लागण होणार नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. कॅन्टीनमध्ये त्या आपल्या नेहमीच्या टेबलाशी बसल्या. एक बाई पाणी आणायला उठली ती आलीच नाही. दुसरीला फोन आला. मी समोरच्या टेबलावर होतो. उठावंसं वाटलं, उठलो नाही.

तेवढ्यात वाघुळदे डबा घेऊन आत आले. कॅन्टीनमध्ये त्यांना कोणी कधी पाहिलं नव्हतं. ते आपल्या मशीनच्या खोलीत जेवायचे. रमिलाबेनच्या टेबलाशी थांबून, बसू का म्हणून त्यांनी विचारलं. रमिलाबेन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मला टीबी हुता. तुमी तर समदं वाचलं असल."

"तुमचा कागद मी वाचला नाही, बेन," वाघुळदे म्हणाले. "फक्त नाव दिसलं, तेवढ्यावर बंद केला."

रमिलाबेन आपला डबा बाजूला सरकवून म्हणाल्या, "बसा." वाघुळद्यांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोडून अर्धी झाकणावर ठेवली, झाकण रमिलाबेनकडे सरकवलं.

दुपारी मी वाघुळद्यांना म्हणालो, की तुम्ही आज रमिलाबेनची लाज राखलीत. कोणी कोणाची राखली, म्हणून ते माझ्यावरच उखडले. मग आवाज उतरला.

"ह्याले आपलं समदं माहीत, असं वाटतं लोकाइले, म्हून कोणी जवळ बसवत नाही," ते म्हणाले. "आठ वर्सांत मले पयल्यांदा कोणी 'बसा' म्हटलं."