भीमा गेला, असं ऐकू आलं

लॅपटॉपचा आवाज आपण स्वतःच दुरुस्त करायचा, असं भिंगारच्या सुनील गायकेंनी ठरवलं, तेव्हा त्यांची बायको विजयमाला एवढंच म्हणाली, "अहो, राहू द्या ना. दुकानात देऊ." हे वाक्य ऐकून जगातला कुठलाही नवरा थांबलेला नाही. सुनीलरावही थांबले नाहीत.

लॅपटॉप खरं तर त्यांच्या लेकीचा, निकिताचा. तिला पुण्यात नोकरी लागली, कंपनीनं नवा दिला, मग जुना घरी राहिला. विजयमाला दर रविवारी सकाळी त्यावर पुणतांब्याला आपल्या आईशी, लंकाबाईंशी बोलायची. मोबाईलवर आईचं नुसतं नाक दिसायचं, लॅपटॉपवर अख्खी आई दिसायची, म्हणून त्या लॅपटॉपचं घरात कौतुक. पण हल्ली आवाजात खरखर यायला लागली होती. फोडणीत मोहरी टाकावी तशा लंकाबाई तडतडायच्या.

सुनीलराव एका पतसंस्थेत हेडक्लार्क होते. तिथला बंद पडलेला प्रिंटर त्यांनी एकदा चालू करून दाखवला होता, आणि तेव्हापासून सगळी शाखा त्यांना तांत्रिक बाबतीत मानायची. (प्लग निघालेला होता. पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि प्रिंटर बोलत नाही.)

शनिवारी दुपारी त्यांनी कामाला हात घातला. आधी लॅपटॉप बंद करून चालू केला. खरखर तशीच. मग स्पीकरच्या जाळीत जोरात फुंकर मारली. धूळ निघाली ती थेट डोळ्यात गेली. जुन्या टूथब्रशनं जाळी घासली. मग यूट्यूबवर एका माणसानं सांगितलं की ड्रायव्हर अपडेट करा. ते केलं, तर आवाज पूर्णच गेला. दुसऱ्यानं सांगितलं, ड्रायव्हर काढून टाका. काढला. खरखर परत आली, आणि ती परत आल्याचा सुनीलरावांना चक्क आनंद झाला.

त्यानंतर त्यांना सेटिंगमध्ये एक खजिनाच सापडला. आवाज कसा हवा? गुहेसारखा, सभागृहासारखा, बाथरूमसारखा? वर आवाज चढा-उतरा करायची एक पट्टी. सुनीलरावांनी सगळं दाबून पाहिलं. शेवटी काय दाबलं आणि काय सोडलं, हे त्यांचं त्यांनाही उमगलं नाही. पण बातम्या देणारी बाई आता तडतडत नव्हती. ती विहिरीच्या तळाशी बसून, हुंदके देत बातम्या देत होती.

"खरखर गेली की नाही?" सुनीलरावांनी विचारलं.

"गेली," विजयमाला म्हणाली. "पण ही बाई रडतेय का?"

"बातमीच तशी असेल."

रविवारी सकाळी विजयमालानं लॅपटॉपवरून फोन लावला. पडद्यावर लंकाबाई आल्या. उन्हानं घामेजल्या असाव्यात, पदरानं तोंड पुसत होत्या. आणि त्या विहिरीच्या तळातून, हुंदक्या-हुंदक्यांनी, मध्येच तुटत, आवाज आला.

"विजेऽऽ… भीमा… गेला गंऽऽ… सक्काळीच…"

विजयमालाच्या हातातली चहाची कपबशी खाली पडली.

"काय? आये, काय म्हणतीस?"

"…लई दिस… मनात हुतं त्याच्या… आता समदं इसरा… दाजींना सांग… राग धरू नका… मानसानं किती…"

चित्र तिथंच गोठलं. तोंडावर पदर धरलेल्या लंकाबाई. मग पडदा काळा झाला. परत लावला तर त्यांचा फोन बंद. (बॅटरी संपली होती. पण अशा वेळी बॅटरी कुणाच्या डोक्यात येते?)

भीमा म्हणजे विजयमालाचा एकुलता एक भाऊ. आणि सुनीलरावांच्या पायाखालची जमीन सरकली, कारण या मेव्हण्याशी ते दोन वर्षं बोलत नव्हते. कारण काय, तर भीमाच्या मुलाच्या लग्नात सगळ्या पाहुण्यांना फेटे बांधले आणि जावयाला बांधायचं राहून गेलं. सुनीलराव न जेवता मांडवातून उठून आले होते. भीमानं नंतर दोनदा फोन केला, तो त्यांनी उचलला नाही. सहा हात कापडासाठी! आता तो फेटा कोण बांधणार, आणि कुणाच्या डोक्याला?

"दादाला काय झालं असेल हो?" विजयमाला भिंतीला टेकून रडत होती. "कालपर्यंत तर धडधाकट होता."

सुनीलराव खाली पडलेली कपबशी उचलायला वाकले. त्यांची आई रतनबाई आतून आली, ऐकलं, आणि तिथंच जमिनीवर बसली. "आरं माझ्या भीमा रं! एवढा हत्तीसारखा गडी! आन तू सुन्या, तू त्याच्याशी बोलत न्हवतास!"

"आई, आता ते नको."

"नको कसं? मेल्याव तरी बोलशील का?"

ते वाक्य सुनीलरावांच्या काळजात रुतलं. शेजारच्या गोजरबाईंकडे त्यांनी किल्ली दिली, हिचा भाऊ गेला म्हणून सांगितलं, गाडी बोलावली, आणि तिघं निघाले. विजयमाला आणि रतनबाई मागच्या सीटवर, सुनीलराव पुढं ड्रायव्हरजवळ. मागचं रडणं ऐकवेना म्हणून त्यांनी मोबाईल काढला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना भीमाबद्दल काहीतरी बोलावंसं वाटत होतं, आणि ऐकायला भीमा नव्हता. मग त्यांनी पाहुण्यांच्या ग्रुपवर लिहिलं: 'आमचे मेव्हणे भीमराव आज आपल्यातून गेले. दिलदार माणूस. शब्दाला जागणारा. त्यांच्या हातचं कालवण ज्यानं खाल्लं त्यालाच ठाऊक. आम्हीच करंटे, असा माणूस जवळ असून दूर राहिलो. भावपूर्ण श्रद्धांजली.' लिहिता लिहिता त्यांच्या डोळ्यांना धार लागली. ड्रायव्हरनं मुकाट्यानं रुमाल पुढं केला. गाडी पुसायचा होता, पण सुनीलरावांनी त्यानंच डोळे पुसले.

ग्रुपवर हात जोडलेल्यांची रांग लागली. एकानं घाईत अंगठाही दाखवला.

याच सुमाराला, राहुरीच्या अलीकडे, समोरून एक एसटी गेली. तिच्यात खिडकीशी, मांडीवर पेरूची पिशवी घेऊन, भीमा बसला होता. मयताला निघालेली माणसं आणि मयत, एकमेकांना ओलांडून गेले.

पुणतांब्यात गाडी शिरली तशी रतनबाईंनी काच खाली करून गळा काढला. वाटेवरची माणसं थांबली. कुणी तरी गेलं म्हणून चार-दोन जण मागोमाग चालायला लागले. दारात लंकाबाई सुपात बाजरी पाखडत होत्या.

विजयमाला धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडली. "आयेऽऽ, दादा कसा गं गेला?"

"यष्टीनं," लंकाबाई म्हणाल्या. "पन तुमी हितं कशापायी? घरी कोन हाय मंग?"

"कुणाच्या घरी?"

"तुमच्या! त्यो तुमच्याकडंच गेला न्हाई का! म्या सांगितलं की तुला सकाळी, भीमा गेला तुमच्याकडं, दाजींची समजूत काढाया. मंग माजा फोनच बंद पडला." त्यांनी वळून रतनबाईंकडे पाहिलं. "आन इहीनबाई, तुमी कुनाला रडतायसा?"

रतनबाईंचा हुंदका अर्ध्यातच राहिला. मागोमाग आलेली माणसं हळूच पांगली. सुनीलरावांना वाटलं, शेजारच्या गोदावरीत जाऊन उभं राहावं, आणि नंतर बसावं.

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. पडद्यावर नाव आलं: भीमा मेव्हणे. दोन वर्षांनी. सुनीलरावांनी घाईघाईनं उचलला, बोट भलतीकडं लागलं आणि स्पीकर चालू झाला.

"दाजी, मी भीमा बोलतोय."

"हो… हो. कसे आहात?"

"मला काय ठावं? तुमीच सांगा. तुमच्या शेजारच्या ओट्याव बसलोय. गोजरबाई म्हनल्या, मानसं मयताला गेलीत. म्या इचारलं, कोन गेलं? त्या म्हनल्या, वहिनींचा भाऊ. म्या म्हनलं, कितवा? त्या म्हनल्या, एकच हुता बिचारा. मला तर घामच फुटला. मंग मोबाईल उघडला."

"भीमराव, ते चुकून… लॅपटॉपचा आवाज… मी आत्ताच काढून टाकतो, सगळ्यांना कळवतो—"

"काढू नका!" भीमा एकदम ओरडला. मग त्याचा आवाज जड झाला, आणि या वेळी मोबाईलमध्ये काही बिघाड नव्हता. "ऱ्हाऊ द्या. दोनदा वाचलं म्या. माज्या कालवनाचं बी लिव्हलंय तुमी. जित्या मानसाबद्दल एवढं चांगलं कोन लिव्हतं, दाजी? म्या आन गोजरबाई, दोघंबी रडलो. फकस्त त्यो अंगठा कुनी दावला, तेवढं शोधून काढा."

भीमाला तिथंच थांबायला सांगून मंडळी परत फिरली. येताना लंकाबाईही गाडीत आल्या. सुनीलराव पुढं बसले होते. जीव भांड्यात पडला होता, तरी ग्रुपवर अजून नवे हात जोडले जात होते, आणि प्रत्येकाला काय सांगायचं, हे ते मनात जुळवत होते. मागं विजयमाला मोबाईलवर ती श्रद्धांजली पुन्हा वाचत होती.

"किती छान लिहिलंय हो," ती म्हणाली. "पण खरं सांगा, एवढ्या वर्षांत माझ्याबद्दल दोन ओळी तरी लिहिल्यात का कधी?"

"अगं, पण त्यासाठी आधी तू—" सुनीलराव म्हणाले, आणि त्यांनी जीभ चावली.

उशीर झाला होता. दोन्ही आयांनी, विजयमालानं आणि ड्रायव्हरनंही ते वाक्य मनातल्या मनात पूर्ण केलं होतं. ड्रायव्हरनं पुन्हा मुकाट्यानं रुमाल पुढं केला.