मुठीएवढी लेन्स

“एवढीशीच?” गिचुकीमामा म्हणाले.

फोटोग्राफर न्योकाबीच्या कॅमेऱ्याला लावलेली लेन्स खरोखरच मुठीएवढी होती. गिचुकी हे नवऱ्या मुलीचे मामा, आणि केनियातल्या कराटिनाकडे लग्नाच्या बोलण्यांत मामाचा शब्द बापापेक्षा जड. त्यांनी कुठल्याशा लग्नात नैरोबीहून आलेल्या फोटोग्राफरची पांढरीशुभ्र, हातभर लांब लेन्स पाहिली होती. तेव्हापासून आखूड लेन्सवरचा त्यांचा विश्वास पार उडाला होता.

“मामा, फोटो लांबीवर येत नाही,” न्योकाबी म्हणाली.

“मग कशावर येतो?”

“उजेडावर.”

“उजेड तर फुकट आहे. मग तू पैसे कशाचे घेतेस?”

तेवढ्यात नवरीची आई, वाइथेरा, भावाच्या अंगावर धावून आली. “दादा, माझ्या न्याविराचा पहिलीपासूनचा एकूण एक फोटो हिनंच काढलाय. आजचेही हीच काढणार. आणि बिघडलेच तर जन्मभर मला बोल.”

“बोलणारच आहे,” मामा म्हणाले, आणि वरपक्षाने आणलेल्या शेळ्या मोजायला गेले.

न्योकाबीने लेन्स पुन्हा एकदा पुसली. आपलं नाव गेलं तरी चालेल, पण मैत्रिणीने भर घरात दिलेला शब्द खाली पडायला नको.

लेन्स आणली त्याला महिना झाला होता. नैरोबीच्या एका गल्लीत मुटिसोचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान होतं. न्योकाबीने आधी तीच पांढरी, लांबलचक लेन्स उचलली, किंमत विचारली आणि झोपलेलं मूल ठेवावं तशी अलगद परत ठेवली.

“ही घेऊच नका आई,” मुटिसो म्हणाला. “ही सिंहांचे फोटो काढणाऱ्यांसाठी. तुमच्याकडे सिंह येतात का?”

“वऱ्हाडी येतात.”

“मग जवळ जाता येतं! निम्मे पैसे त्या झूमचे असतात, आणि पाव पैसे रुबाबाचे.” त्याने कपाटातून एक काळी, गोलमटोल, वापरलेली लेन्स काढली. “ही पंच्याऐंशी एमएमची. झूम नाही. पण चेहरा कोरून काढते, मागचं सगळं विरघळवते आणि अंधारातसुद्धा उजेड ओढून आणते. फक्त मागंपुढं तुम्ही चालायचं.”

त्याने बॅटरी आत मारून बुरशी नसल्याचं दाखवलं, फोकसचं कडं फिरवून दाखवलं आणि शेवटी स्वतःच समोर बसला. न्योकाबीने फोटो काढून त्याला दाखवला.

“माझ्या गालावर एवढे खड्डे आहेत?”

“म्हणजे लेन्स चांगली आहे,” न्योकाबी म्हणाली, आणि तिने पैसे मोजले.

पण मागंपुढं चालायचं म्हणजे काय, हे तिला आज कळलं. नवरीची नटण्याची खोली केवढीशी! न्याविरा अर्धीच दिसतेय म्हणून न्योकाबी एक पाऊल मागे सरकली, मग दुसरं. मग उंबरा ओलांडला. अंगणात आचाऱ्यांनी कोबी चिरून भरलेली मोठी टोपली होती. न्योकाबी तिच्यात बसली.

“फोटो काढतेस की कोबी उबवतेस?” मामांनी लांबून विचारलं.

फोटो मात्र झकास आला होता. न्याविराचा पूर्ण चेहरा, कानातल्या मण्यांसकट.

मग मुख्य कार्यक्रम आला. मंडपात सहा बायका ओळीने उभ्या केल्या. डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत एकसारख्या कापडात गुंडाळलेल्या, जणू सहा गाठोडी. त्यातून नवरदेवाने आपली नवरी ओळखायची, चुकला तर एक बोकड दंड. नवरदेव मुरिमी इंजिनीयर होता. त्याने डोळे बारीक करून सहाही गाठोड्यांची उंची मापली. काही उमगलं नाही.

मंडप अंधारा होता. छताच्या ताडपत्रीला एका जागी फट होती आणि तिच्यातून उन्हाचा एक पट्टा बरोबर चौथ्या गाठोड्यावर पडला होता. तसा उजेड न्योकाबी वर्षानुवर्षं शोधत आली होती. ती भान विसरून पुढे गेली. आणखी पुढे. चौथ्या गाठोड्यापासून दोन हातांवर तिने गुडघा टेकला.

मुरिमीने ते पाहिलं. ही बाई सकाळपासून नवरीच्या खोलीत होती, हिला माहीत नसणार तर कुणाला? कापड उघडण्याचा क्षण पकडायला ती कशी दबा धरून बसलीय! त्याचा चेहरा उजळला. त्याने तरातरा जाऊन चौथ्या गाठोड्याचा हात धरला.

“हीच माझी बायको!”

कापड उघडलं. आत शोशो वामाइथा. न्याविराची शोशो, म्हणजे आजी, आणि गिचुकीमामांची आई. वय वर्षं ब्याऐंशी, पुढचे दात गेलेले.

“उशीर केलास रे राजा,” शोशो म्हणाली. “साठ वर्षं आधी यायचं होतंस.”

अख्खा मंडप हसून लोळला. न्योकाबीचं बोट आपोआप दाबलं गेलं. पण हसू ओसरताच दोन्हीकडची मंडळी तिच्यावर घसरली.

“हिनं आमच्या मुलाला फसवलं!” वरपक्ष म्हणाला.

“हिनं त्याला खूण करायचा प्रयत्न केला!” गिचुकीमामा म्हणाले. “जा, त्या अ‍ॅव्होकाडोच्या झाडाखाली जाऊन उभी राहा. तिथून काढ काय काढायचं ते. आता लागली असती की नाही ती लांब लेन्स?”

झाड तीस पावलांवर होतं. न्योकाबी मान खाली घालून गेली. वाइथेराकडे बघायची तिची हिंमत होईना. बायका आत जाऊन, जागा बदलून पुन्हा ओळीत आल्या. तिने कॅमेरा डोळ्याला लावला. आता कुणाचाच चेहरा मोठा दिसत नव्हता, पण सगळं घर एका चौकटीत मावलं होतं. सहा गाठोडी, हातात काठी घेतलेले मामा, खांद्यावरच्या कापडाने डोळे पुसणारी वाइथेरा, आणि डोकं खाजवणारा मुरिमी. पाच गाठोडी स्थिर होती. दुसऱ्याचा उजवा खांदा हळूच उडत होता.

न्याविरा हसू दाबत होती. शाळेच्या फोटोपासून तिचा खांदा असाच उडायचा.

न्योकाबी दगडासारखी स्तब्ध राहिली. या वेळी मुरिमीने तिच्याकडे पाहिलंही नाही. तो त्या खांद्याकडे बघत होता. बघता बघता तोही हसायला लागला, आणि चालत गेला. बरोबर दुसऱ्या गाठोड्याकडे.

एका आठवड्याने शोशो न्योकाबीच्या फोटो स्टुडिओत आली. मागच्या भिंतीवर न्योकाबीच्या दिवंगत नवऱ्याने रंगवून घेतलेला बर्फाच्या डोंगराचा पडदा अजून होता. अर्धं कराटिना त्याच्यापुढे श्वास रोखून उभं राहून गेलं होतं. न्योकाबीने शोशोच्या हातात फोटो ठेवला. उन्हाच्या पट्ट्यात, कापड खांद्यावर घसरलेलं, तोंड उघडून हसणारी शोशो. शोशोने तो खिडकीच्या उजेडात धरला.

“चाळीस वर्षांपूर्वी तुझ्या नवऱ्यानं माझा फोटो काढला होता,” ती म्हणाली. “फिल्म धुताना खराब झाली. बिचारा मला म्हणाला, परत या, उजेडात उभं करून छान काढतो. मी आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. मग तोच गेला. ओळखपत्रावरचा सोडला तर माझा एकटीचा फोटोच नाही. आणि त्यात मी कोंबड्या चोरल्यासारखी दिसते.”

“शोशो, मग त्या दिवशी…”

“ताडपत्रीची ती फट मी सकाळीच बघून ठेवली होती. तिथं आमची एक पोरगी उभी होती, तिला कोपरानं सरकवलं. तू जवळ येणार हे ठाऊक होतं. तुझ्या नवऱ्याकडे तरी कुठं होती लांब लेन्स? तोही असाच जवळ यायचा.” तिने फोटो छातीशी धरला. “देव तुझं भलं करो पोरी. त्याचंही.”

न्योकाबीने शोशोचा हात दाबला. मग टेबलावरच्या त्या मुठीएवढ्या लेन्सवरून तिने मायेने बोट फिरवलं.

“बरं, दंडाचा बोकड तुझा,” शोशो म्हणाली. “मला निवडलं म्हणून दंड, तर बोकड माझा. मी तो तुला दिला. बाहेर उभा आहे.”

न्योकाबीने दार उघडलं. बाहेर बोकड उभा होता. त्याची दोरी धरून गिचुकीमामाही उभे होते. अंगात इस्त्रीचा कोट, गळ्यात टाय, केसांना तेल.

“माझाही एक,” मामा बोकडाकडे बघत पुटपुटले. “जवळून. म्हणजे… उभं कुठं राहायचं?”

“तुम्हीच बघा मामा,” न्योकाबी म्हणाली. “उजेड फुकट आहे.”

मामा आत येऊन खोलीभर गोंधळून बघत राहिले. शेवटी शोशोनेच उठून आपल्या लेकाला कोपराने खिडकीपाशी सरकवलं.